गुण हाताचे, हत्याराचे नव्हेत : राष्ट्रीय रायफल संघटनेची पंचाहत्तर वर्षे

नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच आपली राष्ट्रीय रायफल संघटना, १९५१ साली स्थापन झाली. २०२६ हे तिचे अमृत महोत्सवी वर्ष. या निमित्ताने संघटनेचा इतिहास लिहायचा तर पदकांची यादी द्यावीच लागते आणि ती पुढे ओघाने येईल. पण नवी मुंबईसारख्या शहरात, जिथे आज शाळकरी मुले दप्तराबरोबर पिस्तुलाची पेटी घेऊन सरावाला जातात, तिथल्या वाचकांसाठी लिहिताना मला पदकांच्या मागचे काम अधिक मोलाचे वाटते. स्पर्धेचे पिस्तूल कसे असावे, काडतूस कोठून यावे आणि कोणी कोणाशी स्पर्धा करावी, हे तीन प्रश्न संघटनेने पंचाहत्तर वर्षे सोडवत आणले. नेमबाजीत महागडे हत्यार आणि सरावलेला हात यांची गल्लत सहज होते. फलकावर लागलेला गुण हाताचाच असावा, यासाठी झालेल्या खटपटीचा हा आलेख आहे. पिस्तुलाला त्यात जरा जास्त जागा मिळाली आहे, ती जाणूनबुजून.

१९५१ ते १९६० : दादासाहेबांची पायाभरणी

संघटनेचे संस्थापक अध्यक्ष गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, जन्म १८८८ साली बडोद्याचा, वकिली अहमदाबादेत. संघटना स्थापन झाली तेव्हा ते हंगामी संसदेचे सभापती होते आणि १९५२ मध्ये पहिल्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास सोसलेल्या, गांधीजींच्या सहवासात घडलेल्या या माणसाने रायफल संघटनेचे अध्यक्षपद स्वीकारावे, याचे आज काहींना नवल वाटते. मला ते स्वाभाविक वाटते. १८७८ च्या शस्त्र कायद्याने युरोपियनांना सवलत दिली होती आणि हिंदी माणसाच्या हातातल्या बंदुकीकडे संशयाने पाहिले होते. स्वतंत्र देशात सामान्य नागरिकाने शिस्तीने, नियमाने, खेळ म्हणून नेमबाजी शिकावी, यात त्या जुन्या अपमानाची भरपाई होती.

सुरुवातीची परिस्थिती बेताचीच होती. चांगली हत्यारे संस्थानिकांकडे, शिकाऱ्यांकडे, सैन्यात आणि पोलिसांत. नागरी क्लब थोडे. रेंज बहुधा सैन्याच्या किंवा पोलिसांच्या, म्हणजे त्यांचा सराव संपल्यावर उरलेला वेळ आपला. अशा स्थितीत १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला हरिहर बॅनर्जी आणि सौरेन चौधरी हे दोन रायफल नेमबाज भारताकडून उतरले. संघटनेचे वय तेव्हा जेमतेम वर्षाचे होते.

दादासाहेब २७ फेब्रुवारी १९५६ रोजी गेले. त्यांचे नाव ज्या स्पर्धेला दिले गेले, ती अखिल भारतीय जी. व्ही. मावळंकर स्पर्धा पुढे संघटनेच्या रचनेचा कणा ठरली. राज्य स्पर्धेत ठरावीक गुण मिळवायचे, मग ‘मावळंकर’ खेळायची, तिथे पात्रता गाठली की राष्ट्रीय स्पर्धा. आजही जुने नेमबाज एकमेकांना विचारतात, “यंदा मावळंकरला किती पडले?” महाराष्ट्रात जुन्या पिढीने वरळीच्या रेंजवर याच पायऱ्या चढल्या. कॅप्टन एझेकिएल स्मृती स्पर्धेत राज्यभरचे नेमबाज एकत्र येत आणि पुढच्या टप्प्याची चाहूल तिथेच लागे.

१९६१ ते १९७० : कायदा आणि काडतूस

या दशकातला तेजस्वी तारा म्हणजे बिकानेरचे महाराजा करणीसिंह. १९६२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅप प्रकारात ते पहिल्या स्थानासाठी बरोबरीत आले आणि फेरनेमबाजीत त्यांच्या वाट्याला रौप्य आले. रोमपासून मॉस्कोपर्यंत पाच ऑलिंपिक ते खेळले. नेमबाजीतला पहिला अर्जुन पुरस्कारही त्यांचाच.

पण सामान्य नेमबाजाचे दशक वेगळ्याच गोष्टीने घडवले. १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि त्याखालचे नियम १९६२ मध्ये अमलात आले. शस्त्र बाळगायला परवाना, दारूगोळ्याची मर्यादा, क्लबांसाठी वेगळी तरतूद आणि प्रशिक्षणापुरती वयाची सवलत अशी चौकट ठरली. क्लबच्या हत्यारावर, क्लबच्या देखरेखीखाली सराव करण्याची वाट मोकळी राहिली, म्हणूनच हा खेळ श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून बाहेर आला. या तरतुदींचा अर्थ जिल्हाधिकारी कचेरीत जाऊन समजावून सांगणारे, अर्जांच्या प्रती काढणारे, पोलिस ठाण्यात तासन्‌तास बसणारे कार्यकर्ते प्रत्येक जिल्ह्यात होते. त्यांची छायाचित्रे कोणत्याच स्मरणिकेत छापली गेली नाहीत.

काडतुसाचा प्रश्न मात्र हट्टी होता. परकीय चलनाची टंचाई, आयातीवर निर्बंध, आणि स्पर्धेच्या दर्जाचे काडतूस बाहेरूनच यायचे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, पण त्याचे पहिले काम संरक्षण दलांचे. स्पर्धेसाठी एकाच घाण्यातले, एकसारख्या वेगाचे काडतूस लागते. वेगात थोडा फरक पडला तरी पन्नास मीटरवर गोळी दहाच्या वर्तुळातून नवाच्या वर्तुळात उतरते.

काडतूस पुन्हा भरून घेण्याविषयी नवे नेमबाज नेहमी विचारतात, म्हणून येथे थोडे थांबतो. पॉइंट टू टू काडतूस ‘रिमफायर’ असते. ठिणगी देणारा मसाला त्याच्या बुडाच्या कडेतच भरलेला असतो. घोडा पडला की ती कड चेपते आणि टरफल कायमचे निकामी होते. ते परत भरता येत नाही. ‘सेंटरफायर’चे तसे नाही. त्यात मसाला बुडाच्या मध्यभागी बसवलेल्या छोट्या टोपीत असतो. वापरलेली टोपी काढून नवी बसवायची, फुगलेले पितळी टरफल साच्यातून मूळ मापावर आणायचे, मोजून दारू भरायची आणि नवी गोळी बसवायची. टरफल अशा कित्येक फेऱ्या टिकते. परदेशातले सेंटरफायर पिस्तूल खेळणारे बहुतेक जण हे काम स्वतः करतात. खर्च वाचतो, आणि त्याहून मोठा लाभ म्हणजे आपल्या पिस्तुलाला मानवेल असे सौम्य, झटका कमी देणारे काडतूस जमवता येते. कागदी फलकासाठी तर पुढून सपाट कापलेली गोळी वापरतात, कारण ती कागदात गोल, स्वच्छ भोक पाडते आणि रेषेवरच्या गुणाचा वाद उरत नाही.

आपल्याकडे शिकारीच्या काळात बारा बोअरची काडतुसे घरी भरण्याची चाल होती. शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमाप्रमाणे मात्र दारूगोळा तयार करायला परवाना लागतो. त्यामुळे भारतात स्पर्धेचा नेमबाज काडतूस विकत घेतो किंवा क्लबकडून मिळवतो. हे बंधन मी योग्य मानतो. दारूचे माप चुकले तर पिस्तूल हातात फुटते. दाट वस्तीच्या इमारतीत दारू साठवणे शेजाऱ्यांनाही धोक्याचे. पण या बंधनाचा परिणाम असा झाला की काडतुसांचे वाटप हेच संघटनेच्या हातातले सर्वांत नाजूक काम बनले. ज्याचे गुण चांगले त्याला जास्त काडतुसे, हे तत्त्व वरवर न्याय्य दिसते. परंतु काडतुसे नाहीत म्हणून सराव नाही, सराव नाही म्हणून गुण नाहीत आणि गुण नाहीत म्हणून काडतुसे नाहीत, अशा फेऱ्यात नवोदित सापडतो. यातून क्लबांच्या नावे दारूगोळा मिळवून तो सदस्यांत वाटण्याची पद्धत रुळली. शिवाय कोरा सराव, म्हणजे काडतूस न घालता तासन्‌तास घोडा दाबत राहण्याची शिस्त, याच टंचाईत इथल्या नेमबाजांच्या अंगी मुरली. आज भरपूर दारूगोळा असतानाही आपले प्रशिक्षक दिवसाची सुरुवात कोऱ्या सरावाने करतात.

१९७१ ते १९८० : शांत वर्षे

या दशकाबद्दल थोडक्यात लिहिले तरी चालेल. १९७४ च्या तेहरान आशियाई स्पर्धेत करणीसिंहांना रौप्य मिळाले. राज्य संघटनांची बांधणी संथपणे चालू राहिली. याच सुमारास, १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या सिडकोने ठाणे खाडीपलीकडे नवे शहर आखायला घेतले. त्या शहराच्या पनवेल टोकाला पुढे नेमबाजीचे नावाजलेले केंद्र उभे राहील, असे तेव्हा कोणाच्या मनात आले नसेल.

जगात मात्र पिस्तुलाच्या खेळाला नवी शाखा फुटली. १९७६ मध्ये अमेरिकेतील मिसुरी राज्यात कोलंबिया येथे ‘प्रॅक्टिकल’ नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. हालचाल करत, वेळेशी शर्यत लावून खेळायचा हा प्रकार. भारतात तो फारसा रुजला नाही. पण त्याने वर्गवारीचा जो विचार केला तो अभ्यासण्याजोगा आहे. तिथे पिस्तुलांचे विभाग वेगळे : कारखान्यातून आले तसे पिस्तूल एका विभागात, हवे तसे बदल केलेले दुसऱ्यात. काडतुसाचा जोर गोळीचे वजन आणि वेग यांच्या गुणाकाराने मोजतात, म्हणजे स्वतः भरलेले फार सौम्य काडतूस वापरून कोणी झटक्यातून सुटका करून घेऊ शकत नाही. अमेरिकेतल्या शाखेत नेमबाजाची श्रेणी टक्क्यांवर ठरते. ठरावीक चाचणी फेऱ्यांत सर्वोत्तम कामगिरीच्या ९५ टक्क्यांवर असलेला ग्रँड मास्टर, ८५ वर मास्टर, आणि तिथून खाली ए, बी, सी, डी. डी श्रेणीतल्याला डी श्रेणीचे पारितोषिक जिंकता येते, त्यामुळे पहिल्या वर्षीच्या खेळाडूलाही स्पर्धेत येण्याचे कारण उरते. यात मुद्दाम खालच्या श्रेणीत रेंगाळून बक्षिसे उचलण्याचा मोह आहे, आणि एकदा चढलेली श्रेणी सहसा खाली आणत नाहीत ती त्याचसाठी.

आपल्या संघटनेने टक्क्यांऐवजी किमान पात्रता गुणांचा मार्ग धरला. एक आकडा ठरवायचा, तो गाठला की वरच्या स्पर्धेचे दार उघडते. हा मार्ग साधा आहे, जिल्ह्यातल्या मुलालाही समजतो आणि कोणाच्या मर्जीवर अवलंबून नाही.

१९८१ ते १९९० : तुघलकाबाद आणि ऑकलंड

१९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेसाठी तुघलकाबादची रेंज उभी राहिली. पुढे तिला डॉ. करणीसिंह यांचे नाव मिळाले. आंतरराष्ट्रीय मापाची, सर्व प्रकार एका ठिकाणी खेळता येतील अशी रेंज देशाला प्रथमच लाभली. १९८४ मध्ये महिलांचे २५ मीटर पिस्तूल आणि १९८८ मध्ये १० मीटर एअर पिस्तूल ऑलिंपिकमध्ये आले. दुसऱ्या घटनेचे महत्त्व भारतासारख्या देशासाठी अपार होते. एअर पिस्तुलाला दारू लागत नाही. अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचा ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा हवेच्या दाबाने सुटतो. दहा मीटरचे सभागृह, मागे भक्कम भिंत आणि छर्रे अडवणारी पेटी एवढ्यावर रेंज तयार होते. पंचवीस मीटरला मातीचा बंधारा, बाजूच्या भिंती, डोक्यावरचे अडथळे आणि सुरक्षेच्या परवानग्या लागतात, ज्या मुंबईच्या दाटीत मिळणे दुरापास्त.

महाराष्ट्राच्या दृष्टीने दशकाचा कळस १९९० च्या ऑकलंड राष्ट्रकुल स्पर्धेत आला. मुंबईच्या अशोक पंडित यांनी २५ मीटर सेंटरफायर पिस्तुलात सुवर्ण जिंकले. तीस गोळ्या शांतपणे नेम धरून आणि तीस गोळ्या झटपट, प्रत्येक गोळीसाठी फलक तीन सेकंद समोर येतो तेवढ्यात, असा हा प्रकार. ऑलिंपिकमध्ये तो कधीच नव्हता, म्हणून त्याची चर्चा कमी होते. ज्याने सेंटरफायरचा झटका एका हाताने पेलला आहे त्यालाच त्या सुवर्णाची किंमत कळेल. पंडित पुढे महाराष्ट्र रायफल संघटनेच्या कामात रमले. खेळाडूनेच कार्यकर्ता व्हावे, ही महाराष्ट्रातली चांगली परंपरा आहे.

१९९१ ते २००० : मुलींची तुकडी

१९९४ मध्ये जसपाल राणा यांनी हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत सेंटरफायर पिस्तुलाचे सुवर्ण जिंकले आणि देशभरच्या पोरांना पिस्तूल हवेसे वाटू लागले. त्याच वर्षी पुण्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या आणि बालेवाडीचे संकुल महाराष्ट्राला मिळाले. महू येथे सैन्याचे नेमबाजी केंद्र १९९३ मध्ये सुरू झाले. त्याने देशाला पुढे फार मोठे खेळाडू दिले, आणि त्याबरोबर वर्गवारीचा एक जुना प्रश्नही धारदार केला. ज्याचे कामच रोज नेमबाजी करणे आहे त्याच्यासमोर कॉलेज सांभाळून आठवड्यात दोनदा रेंजवर जाणारा मुलगा कसा टिकेल? खुल्या अजिंक्यपदाबरोबर नागरी खेळाडूंसाठी स्वतंत्र अजिंक्यपद ठेवून संघटनेने त्यावर तोडगा काढला. दोन्ही याद्या एकाच मैदानावर, एकाच फलकावर खेळल्या जातात. नागरी विजेत्याला पदक मिळते आणि आपण खुल्या यादीत कोठे आहोत हेही त्याच दिवशी कळते. मला ही रचना टक्केवारीच्या श्रेणींपेक्षाही प्रामाणिक वाटते.

वयाचे गट, आणि नवोदितांसाठी आंतरराष्ट्रीय नियमांहून वेगळा ‘राष्ट्रीय नियमां’चा गट, हेही याच विचाराचे. नव्या खेळाडूला पहिल्याच दिवशी लाखोंचे परदेशी साहित्य घ्यावे लागू नये, साध्या हत्यारावर त्याने आपला हात जोखावा, मग पुढे जावे.

मुंबईत दरम्यान वेगळेच काही घडत होते. वरळीच्या रेंजवर प्रशिक्षक संजय चक्रवर्ती यांच्या हाताखाली मुलींची एक तुकडी तयार होत होती. अंजली वेदपाठक, म्हणजे पुढच्या अंजली भागवत, एनसीसीतून नेमबाजीत आल्या आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. दीपाली देशपांडे आणि सुमा शिरूर याच पिढीच्या. नाशिकचे निवृत्त पोलिस अधिकारी भीष्मराज बाम यांनी या नेमबाजांना मनाची एकाग्रता शिकवली. या मुली सगळ्या रायफलच्या, हे खरे. पण महाराष्ट्रात घराघरांतल्या आईवडिलांनी मुलीच्या हातात नेमबाजीचे हत्यार द्यायला जे धैर्य गोळा केले ते या तुकडीकडे पाहून, आणि पिस्तुलाच्या मुली त्याच वाटेने आल्या.

२००१ ते २०१० : नियम बदलतात, दारे उघडतात

पदके आता वेगाने येऊ लागली. २००२ मध्ये अंजली भागवत जगात अव्वल. २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई नेमबाजी अजिंक्यपद स्पर्धेत सुमा शिरूर यांचे ४०० पैकी ४००. अथेन्सला राज्यवर्धन राठोड यांचे रौप्य. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्रा यांचे सुवर्ण, भारताचे ऑलिंपिकमधले पहिले वैयक्तिक सुवर्ण. २०१० मध्ये म्युनिकला कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत पन्नास मीटर प्रोनमध्ये ५९७ गुणांसह विश्वविजेत्या. त्याच वर्षी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत नेमबाजांनी ३० पदके मिळवली. २५ मीटर पिस्तुलात अनिसा सय्यद यांना सुवर्ण आणि कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांना रौप्य होते.

साहित्याच्या इतिहासात २००५ हे वर्ष अधिक ठळक आहे. रॅपिड फायर पिस्तुलात तोवर ‘शॉर्ट’ जातीचे आखूड, सौम्य काडतूस आणि अतिशय हलका घोडा चालत असे. त्यासाठी खास बनवलेली, हाताभोवती घट्ट बसणारी पिस्तुले होती, आणि ज्याच्याकडे ती होती तो पुढे. नव्या नियमाने नेहमीचे लाँग रायफल काडतूस सक्तीचे केले आणि घोड्याचा भार किमान १००० ग्रॅम ठरवला. सगळ्या जगाची जुनी पिस्तुले एका रात्रीत कपाटात गेली. आपल्याकडे अनेकांना नवे पिस्तूल घेताना फार ओढाताण झाली, आयातीच्या कागदपत्रांत महिने गेले. तरीही भारतासाठी तो बदल हिताचा ठरला, कारण शर्यत पुन्हा पहिल्या रेषेवर आली.

साहित्य तपासणीच्या टेबलावर काय पाहतात, हे पालकांना माहीत असलेले बरे. एअर पिस्तूल ठरावीक मापाच्या पेटीत बसले पाहिजे : लांबी ४२० मिलिमीटर, उंची २००, जाडी ५०. वजन १५०० ग्रॅमपेक्षा जास्त नको. घोड्याला ५०० ग्रॅमचे वजन अडकवून पिस्तूल उभे उचलतात आणि घोडा सुटता कामा नये. २५ मीटरच्या पिस्तुलाला वजनाची मर्यादा १४०० ग्रॅम, घोडा १००० ग्रॅम. मुठीने मनगटाला आधार देऊ नये, बूट घोट्याच्या वर जाऊ नयेत. भिंग नाही, लेझर नाही. पुढची माशी आणि मागची खाच एवढ्यावर दहा मीटरवरच्या ११.५ मिलिमीटर व्यासाच्या ‘दहा’वर नेम धरायचा. हवेच्या सिलिंडरची मुदत दहा वर्षे, त्यानंतर तो चालत नाही. ही मापे कोणाला किचकट वाटतील, पण त्यांच्यामुळेच पनवेलच्या मुलाचे पिस्तूल आणि म्युनिकच्या मुलाचे पिस्तूल एकाच जातीचे राहते.

याच दशकात नवी मुंबईच्या हद्दीवर नवीन पनवेलला, कर्नाळा क्रीडा संकुलात सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आकाराला आला. वरळीला पोहोचण्यासाठी हार्बर लाइनने तास दीड तास घालवणाऱ्या मुलांना घराजवळ रेंज मिळाली. शाळा सुटल्यावर सराव करून मुले अभ्यासाला घरी पोहोचू लागली. नेमबाजीत याचे महत्त्व किती, ते फक्त प्रवासाने थकलेल्या हाताने फलकासमोर उभे राहिलेल्यालाच सांगता येईल.

२०११ ते २०२० : नियमावलीचे दशक

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महूच्या केंद्रात घडलेल्या विजय कुमार यांनी २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुलात रौप्य जिंकले. तोच प्रकार, ज्याचे नियम सात वर्षांपूर्वी समान पातळीवर आणले गेले होते. गगन नारंग यांना एअर रायफलमध्ये कांस्य मिळाले. २०१३ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात राही सरनोबत यांना सुवर्ण. विश्वचषकात सुवर्ण जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय पिस्तूल नेमबाज. २०१८ मध्ये पालेंबांगला त्या आणि थायलंडची प्रतिस्पर्धी ३४ गुणांवर बरोबरीत राहिल्या आणि फेरनेमबाजीतून राही यांना आशियाई सुवर्ण मिळाले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण जिंकणारी ही पहिली भारतीय महिला, कोल्हापूरची.

कायद्याच्या बाजूने २०१६ चे शस्त्र नियम महत्त्वाचे. त्यांत नेमबाजांची वर्गवारी सरकारी कागदावर स्पष्ट झाली : कनिष्ठ नेमबाज, होतकरू नेमबाज, ‘रिनाउंड शॉट’ आणि त्यापुढचे आंतरराष्ट्रीय पदकविजेते. कोणाला किती हत्यारे आणि किती दारूगोळा, हे या पायऱ्यांवर ठरते. २० ज्यूलच्या आतल्या, .१७७ बोअरच्या एअर हत्यारांना परवान्याच्या जाचातून मोकळीक राहिली. साठच्या दशकात जो प्रश्न कचेरीकचेरीतून वेगवेगळा सुटत असे, त्याला देशभर एकच उत्तर मिळाले. संघटनेच्या कार्यकर्त्यांनी, क्लबांनी आणि खेळाडूंनी केलेल्या दीर्घ पाठपुराव्याला आलेले हे यश आहे. 

आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेने २०१८ पासून महिलांच्या एअर पिस्तुलाच्या गोळ्या ४० वरून ६० केल्या, पुरुषांइतक्याच. पन्नास मीटर फ्री पिस्तूल मात्र २०१६ नंतर ऑलिंपिकमधून गेले. घोड्याच्या भाराला मर्यादा नसलेले, हाताच्या मापाने घडवलेले ते पिस्तूल अनेक जुन्या नेमबाजांचे पहिले प्रेम होते. त्यांच्या मनातली हुरहूर मी समजू शकतो.

२०२१ ते २०२६ : सध्याचे काम

टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकर यांच्या पिस्तुलाचा भाग ऐन पात्रता फेरीत तुटला. दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि ५७५ गुणांसह त्या बाराव्या राहिल्या. त्यातून देशभरच्या क्लबांत एक सवय रुजली : राखीव पिस्तूल, तेही तपासणी झालेले, त्याच मुठीचे आणि त्याच घोड्याच्या भाराचे, सोबत ठेवायचे. तीन वर्षांनी पॅरिसला मनू यांनी एअर पिस्तुलात कांस्य आणि सरबज्योत सिंग यांच्यासोबत मिश्र प्रकारात दुसरे कांस्य मिळवले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनी पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्य आणले. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून आलेला, रेल्वेत नोकरी करणारा हा खेळाडू म्हणजे मावळंकरांच्या नावाने आखलेल्या पायऱ्यांची साक्ष आहे. ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला वयाच्या अठराव्या वर्षी विश्वविजेते झाले होते.

पॅरिससाठी संघ निवडताना संघटनेने दिल्ली आणि भोपाळ येथे ऑलिंपिक निवड चाचण्या घेतल्या. पात्रता स्पर्धांत मिळवलेला ऑलिंपिकचा कोटा देशाचा, खेळाडूचा नव्हे, आणि जागा त्याच हंगामातल्या गुणांवर, असे तत्त्व राहिले. कोटा मिळवलेल्या खेळाडूला त्यात थोडे अधिक गुण धरले गेले. कोणाची तरी निराशा अशा वेळी होतेच. पण आकडे सर्वांसमोर होते आणि प्रत्येकाला आपली बेरीज स्वतः करता येत होती.

वर्गवारीचा सर्वांत नितळ नमुना मला दिव्यांग नेमबाजीत दिसतो. एसएच-१ गटातला खेळाडू हत्याराचे वजन स्वतः पेलू शकतो. एसएच-२ मधल्याला रायफल टेकवायला स्टँडची गरज असते. पदकाचा विचार त्यानंतर. सुमा शिरूर यांच्या मार्गदर्शनाखाली अवनी लेखरा यांनी टोकियो आणि पॅरिस, दोन्ही पॅरालिंपिकमध्ये एअर रायफलचे सुवर्ण जिंकले. टोकियोतच मनीष नरवाल यांनी पन्नास मीटर पिस्तुलाचे सुवर्ण आणले. शिरूर यांना २०२२ चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, आणि नवीन पनवेलच्या रेंजचे नाव देशभर पोहोचले.

आज नवी मुंबईतल्या नवोदिताची वाट साधारण अशी आहे. क्लबचे एअर पिस्तूल, कोरा सराव, मग छर्रे. जिल्हा आणि राज्य स्पर्धेत किमान गुण, त्यानंतर विभागीय टप्पा, आणि मग राष्ट्रीय स्पर्धेत आपल्या वयोगटाची यादी. इलेक्ट्रॉनिक फलक असल्याने गुण त्याच क्षणी पडद्यावर दिसतात. पूर्वी कागद बदलून, मापक घालून पंच गुण ठरवत आणि निकालाला संध्याकाळ होई. छर्ऱ्यांच्या डब्यांवर घाण्याचा क्रमांक असतो. कोणता घाणा आपल्या नळीला मानवतो, हे पिस्तूल शिकंज्यात धरून तपासण्याची सोय मोठ्या रेंजवर आहे, लहान क्लबांत ती अजून व्हायची आहे. पंचवीस मीटरच्या रेंजचीही तीच गत. राही आणि अनिसा यांच्या प्रकारात जायचे ठरवलेल्या इथल्या मुलीला आजही वरळी किंवा बालेवाडी गाठावी लागते. रॅपिड आणि स्पोर्ट पिस्तुलासाठी खाडीच्या या बाजूला बंधाऱ्यासह रेंज उभारणे, क्लबांच्या दारूगोळ्याचा पुरवठा हंगामाआधी व्हावा अशी व्यवस्था बसवणे आणि जिल्ह्यात साहित्य तपासणीचे प्रशिक्षित पंच वाढवणे, ही कामे पुढच्या पाच वर्षांत हाती घ्यावीत, असे रेंजवरच्या प्रत्येक प्रशिक्षकाचे आणि पालकाचे मागणे आहे.